अनुदान कुणाला, किती, कुठल्या गटावर? यादी मागायची कशी आणि वाचायची कशी

प्रश्न तासगाव तालुक्यातून आलाय. थोडक्यात असा: गावात गेल्या तीन वर्षांत ठिबक, अवजारं आणि शेततळ्याचं अनुदान पाच-सहा घरांतच फिरलं, अशी चर्चा आहे. कृषी कार्यालयात नावं मागितली तर ‘नवीन कायद्यानं वैयक्तिक माहिती देता येत नाही’ असं तोंडी उत्तर मिळतं. यादी मागायचा हक्क आहे का, आणि हातात आली तर तिच्यावरून काय ठरवायचं?

हक्क आहे. खरं तर मागायची वेळच येऊ नये. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक कार्यालयानं आपणहून प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी दिल्यात. त्यातली बारावी बाब हीच: अनुदान कार्यक्रम कसा राबवला जातो, त्याला किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण. कार्यालयात ‘१ ते १७ मुद्दे’ लिहिलेली फाईल असते, ती याचसाठी. ती मागून घ्या आणि बाराव्या मुद्द्यापाशी जा. तिथं योजनांची नावं आणि अटी सापडतील. लाभार्थ्यांच्या रकान्यात बऱ्याचदा ‘निरंक’ किंवा जुनाट आकडा असतो. त्या पानाची प्रत जरूर घ्या. जे आधीच लावायला हवं होतं ते लावलेलं नाही, हे कार्यालयाच्याच कागदावरून दिसतं आणि अपिलात तो कागद दहा पानी युक्तिवादापेक्षा जास्त काम करतो.

आता ‘नवीन कायदा’. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ नं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि तो बदल १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आधी या कलमात वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्यानं खासगीपणावर विनाकारण आक्रमण होतं, हे दाखवावं लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द उरलेत. बदल वाईट आहे, त्यानं माहिती नाकारणं सोपं झालंय, यात शंका नाही. पण अनुदानाच्या यादीला तो जसाच्या तसा लागत नाही. एक तर ४(१)(ख) च्या बाराव्या बाबीला कुणी हात लावलेला नाही. दुसरं, कलम ८(२) जागेवर आहे: सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि तिसरं, जे कार्यालयांत फारसं कुणी वाचलेलं नसतं: डेटा संरक्षण कायद्याच्याच कलम ३ मध्ये म्हटलंय की एखाद्या कायद्यानुसार जाहीर करणं बंधनकारक असलेला आणि त्यानुसार जाहीर केलेला डेटा या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. बारावी बाब हे तसलंच बंधन. अर्जात हे तिन्ही मुद्दे एका ओळीत लिहा.

अधिकारी कधी कधी २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा गिरीश देशपांडे निकालही पुढं करतात. तो एका सरकारी कर्मचाऱ्याच्या सेवेची कागदपत्रं, मालमत्ता आणि आयकर विवरणपत्रं यांबद्दलचा आहे. सरकारी तिजोरीतून वाटलेल्या अनुदानाबद्दलचा नाही.

खासगीपणाचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नाही. युरोपीय संघात शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं आणि रकमा प्रसिद्ध होतात. तिथं जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी दावा लावला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय न्यायालयानं सरसकट सगळ्या व्यक्तींची नावं छापणं प्रमाणाबाहेर ठरवलं. पुढं २०१३ मध्ये नवे नियम आले: नावं पुन्हा प्रसिद्ध, पण अगदी छोट्या रकमा घेणाऱ्यांची झाकून. आपल्याकडं या भेदाचा विचारच झालेला नाही. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता घेणाऱ्याचं नाव गाववार यादीत कुणालाही दिसतं आणि लाखाचं अनुदान घेणाऱ्याचं नाव ‘वैयक्तिक’ म्हणून अडवलं जातं.

म्हणून मागताना आधीच स्पष्ट करा की आधार क्रमांक, बँक खातं आणि मोबाईल नंबर नको. आधार उघड करायला आधार कायद्यातच मनाई आहे, आणि एवढ्या एका कारणासाठी अख्खी यादी अडू शकते. कलम १० नुसार नको तेवढा भाग झाकून बाकीचं देता येतं.

अर्ज करण्याआधी जे उघडं आहे ते पाहून घ्या. महाडीबीटीच्या (जिथं अनुदानाचे ऑनलाइन अर्ज भरतात त्या) शेतकरी पोर्टलवर सोडतीच्या याद्या आणि निधी वितरित लाभार्थ्यांची यादी असते. जिल्हा, तालुका, गाव निवडत जायचं. पीएम किसानच्या संकेतस्थळावर गाववार लाभार्थी यादी आहे. रोजगार हमीतून झालेल्या फळबागांचे हजेरीपट मजुरांच्या नावानिशी वर्षानुवर्षं ऑनलाइन दिसत आलेत. पारदर्शकतेच्या बाबतीत बाकीच्या खात्यांनी रोहयोकडून शिकावं. याशिवाय सातबारा महाभूलेखवर फुकट दिसतो आणि ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये गावातल्या इतर खातेदारांची पीक नोंदही बघता येते. ही दोन साधनं पुढं फार लागतील.

पण पोर्टलवरच्या यादीत नाव, घटक आणि रक्कम यापलीकडं फारसं नसतं. जमिनीचा गट क्रमांक नसेल तर यादी जमिनीवर ठेवता येत नाही, आणि जमिनीवर न ठेवलेली यादी म्हणजे नुसती चावडीवरची चर्चा. ठिबकच्या प्रत्येक प्रकरणाच्या मागं कागदांची साखळी असते: अर्ज, निवड, पूर्वसंमती, खरेदीचं बिल, मोका तपासणी (अधिकाऱ्यानं रानात येऊन केलेली पाहणी), अनुदान वितरण. घोटाळा असेल तर तो यातल्या कुठल्या तरी दोन कागदांच्या सांध्यात असतो. पूर्वसंमतीआधीच्या तारखेचं बिल, बिलानंतर दुसऱ्याच दिवशी झालेली मोका तपासणी, एकाच दिवशी तीन लांबलांबच्या गावांत झालेल्या वीस तपासण्या. या गोष्टी फक्त तारखा शेजारी शेजारी लावल्या की दिसतात. म्हणून मागायच्या त्या तारखा.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. तालुक्याच्या सगळ्या योजना, सगळी गावं, दहा वर्षं असं मागितलं की कलम ७(९) खाली ‘कार्यालयाची साधनं वळवावी लागतील’ असं उत्तर येतं. एक गाव, एक घटक, तीन वर्षं. मजकूर साधारण असा ठेवा:

‘दि. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत मौजे …, ता. तासगाव, जि. सांगली येथे सूक्ष्म सिंचन घटकांतर्गत अनुदान वितरित झालेल्या लाभार्थ्यांची यादी पुढील तपशिलासह मिळावी: नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक, लॅटरलमधील अंतर, अर्जाचा दिनांक, पूर्वसंमती दिनांक, बिल दिनांक व रक्कम, मोका तपासणी दिनांक व तपासणी अधिकाऱ्याचे पदनाम, अनुदान रक्कम व वितरण दिनांक. आधार, बँक खाते व मोबाईल क्रमांक कलम १० नुसार वगळावेत. ही माहिती कलम ४(१)(ख)(बारा) खाली स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असून कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हिताची आहे व डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ३ नुसार त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तसेच संबंधित प्रकरणांच्या नस्ती पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.’

‘का दिलं’, ‘कुणाच्या सांगण्यावरून दिलं’ असे प्रश्न त्यात घालू नका. माहिती अधिकारात असलेला कागद मिळतो, खुलासा नाही. अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखला जोडावा लागतो. प्रती २ रुपये पान. नस्ती, म्हणजे प्रकरणाच्या फायली, बघायचा पहिला तास फुकट, आणि सगळ्या अर्जातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. प्रतींचा गठ्ठा मागण्यापेक्षा टेबलावर बसून चाळीस नस्ती चाळा, खटकलेल्या पाच-सहाच्याच प्रती घ्या.

कुणाकडं द्यायचा, यात बरेच अर्ज वाया जातात. महाडीबीटीवरच्या ठिबक, यांत्रिकीकरण, फळबाग आणि शेततळ्याच्या नस्ती तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. पंचायत समितीत बसणारा कृषी अधिकारी वेगळा, तो जिल्हा परिषदेचा; जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून दिलेले पंप, ताडपत्र्या, फवारणी यंत्रं त्याच्याकडं. अतिवृष्टी आणि पुराची मदत तहसीलदाराकडं. चुकीच्या दारात अर्ज गेला तर कलम ६(३) खाली त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं पाठवायचा असतो, परत करायचा नसतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर नंतर माहिती फुकट द्यावी लागते. पहिलं अपील पुढच्या तीस दिवसांत, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलीय अधिकारी कोण हे नकाराच्या पत्रातच लिहायला हवं. दुसरं अपील नव्वद दिवसांत, सातारा-सांगलीसाठी राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं रांग मोठी असते, तेव्हा पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच सगळा जोर लावा.

ज्यांना अर्ज-अपिलाचा नाद नको, त्यांच्यासाठी आणखी एक रस्ता आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख बघता येतात. परिपत्रकाची प्रत खिशात ठेवून जा. ते माहीत नसलेला कर्मचारी भेटण्याची शक्यता जास्त.

यादी आली. आता ती वाचायची कशी?

ठिबकपासून सुरू करू, कारण सातारा-सांगलीत मोठा पैसा तिथं जातो. केंद्राच्या योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के; त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेचं पूरक अनुदान धरून अनुक्रमे ८० टक्के आणि ७५ टक्के, कमाल ५ हेक्टरपर्यंत. पण टक्केवारी कशाची? ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेची. आणि ती मर्यादा लॅटरलच्या, म्हणजे पिकाच्या ओळीनं अंथरलेल्या ठिबकच्या नळ्यांच्या, अंतरावर ठरते. नळ्या जितक्या जवळ, तितकी नळी जास्त, तितकं अनुदान जास्त. गोम इथं आहे.

हिशोब सोपा: चौरस मीटरमधलं क्षेत्र भागिले दोन नळ्यांमधलं अंतर. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर. १.२ मीटर अंतर धरलं तर ३,३३३ मीटर नळी, १.५ मीटर धरलं तर २,६६७, १.८ मीटरला २,२२२. वाळवा, पलूस, कराडकडं उसाची सरी आता साडेचार-पाच फुटांची असते. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर. अशा प्लॉटच्या नस्तीत १.२ मीटर अंतर लिहिलेलं असेल तर चाळीस आरमागं साडेसहाशे मीटरहून जास्त नळी कागदावरच अंथरलेली आहे. तपासायला अख्खं रान मोजावं लागत नाही. सऱ्यांना काटकोनात ३० मीटरचा टेप टाका आणि त्यात किती नळ्या येतात ते मोजा. पंचवीस आल्या तर १.२, वीस आल्या तर १.५. बस्स.

द्राक्षात हाच नियम डोळे झाकून लावू नका. नऊ फुटी ओळीला एकच नळी धरली तर चाळीस आरला साधारण १,४६० मीटर बसते, पण तासगाव-मिरजेकडं एका ओळीला दोन नळ्या सर्रास असतात आणि मग आकडा दुप्पट होणं बरोबरच आहे. उसाची तोडणी झाल्यावर नळ्या गुंडाळून शेडमध्ये ठेवतात. पाचटात राहिल्या तर उंदीर कुरतडतात किंवा जळतात. तेव्हा मार्चमध्ये रानात नळी नाही म्हणून ‘ठिबक कागदावरच’ असा शेरा मारणं म्हणजे स्वतःचंच हसं करून घेणं. गुंडाळ्या मोजता येतात. नळीवर उत्पादकाचं नाव, आयएस क्रमांक, व्यास आणि बॅच छापलेली असते. इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेल्या) नळीला आयएस १३४८८, साध्या लॅटरलला आयएस १२७८६. बिलावरची कंपनी आणि नळीवरची कंपनी जुळते का, बॅच बिलाच्या तारखेच्या कितीतरी आधीची आहे का, हे बघा. जुनी नळी नव्या बिलावर चढवणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त प्रकार.

दुसरा प्रकार म्हणजे त्याच गटावर पुन्हा अनुदान. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका जमिनीवर सात वर्षांनीच पुन्हा मिळतं. म्हणून गट क्रमांक हवाच; मुलाच्या नावानं, बायकोच्या नावानं अर्ज आला तरी गट तोच राहतो.

अवजारांत पाटी बघायची. ट्रॅक्टरला चासी क्रमांक, रोटाव्हेटर-पेरणी यंत्राला उत्पादकाचा अनुक्रमांक ठोकलेली पाटी असते आणि मोका तपासणीत त्या पाटीचा फोटो नस्तीत लागतो. एकच रोटाव्हेटर तीन बांधांवर उभा करून तीन फोटो काढलेले असतील तर तीन नस्ती शेजारी ठेवल्यावर पाटी बोलते. पाटीचा फोटोच नसेल, लांबून काढलेला अवजाराचा फोटो असेल, तर तेवढं एक कारणही फेरतपासणी मागायला पुरेसं.

शेततळ्याला तर कुणाच्या बांधावर जायचीही गरज नाही. ३० × ३० मीटरचं तळं उपग्रहाच्या चित्रात स्पष्ट दिसतं. गुगल अर्थवर जुनी चित्रं तारखेनिशी मागं-पुढं करता येतात. आटपाडी-जतकडच्या उघड्या माळावर तळं कुठल्या वर्षी आलं हे लगेच कळतं. पूर्वसंमतीच्या दोन वर्षं आधीच तळं दिसत असेल तर पुढचा प्रश्न काय, हे सांगायला नको. फळबागेत भाऊसाहेब फुंडकर योजनेचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं आणि पुढचे हप्ते झाडं जगल्यावरच. यादीत तिन्ही हप्ते गेलेत आणि सातबाऱ्याच्या पीक नोंदीत बाग नाही, एवढं जुळवलं तरी पुरे.

आता ‘पाच-सहा घरांतच’ या तक्रारीचं. इथं सावध राहा, कारण निम्म्या वेळा हे नियमात बसतं. अनुदान घराला नाही, खातेदाराला मिळतं. वाटणी होऊन आठ-अ वेगळा झालेल्या चार भावांना चार वेगळी अनुदानं मिळू शकतात. वाटणीनं प्रत्येकजण २ हेक्टरच्या आत येतो आणि ७५ ऐवजी ८० टक्क्यांत बसतो, हेही खरं. अर्जाच्या तोंडावर वाटणीचा फेरफार झालाय का ते तुम्ही बघू शकता, पण फेरफार मंजूर असेल तर तो गैरव्यवहार नव्हे. राग असेल तर तो धोरणावर काढा. ‘एका कुटुंबाला तीन वर्षांत एक घटक’ अशी अट हवी, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून वर जाऊ शकते. शेजाऱ्याचं नाव व्हॉट्सॲप गटावर टाकून काही साधत नाही, अब्रुनुकसानीची नोटीस मात्र येते.

निवडीचा क्रमही तपासता येतो. पूर्वी महाडीबीटीवर संगणकीय सोडत निघायची, तिथं नशिबाला दोष देऊन गप्प बसावं लागे. २०२५ पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ आलं. म्हणजे अर्जाच्या तारखेनं यादी लावली की पूर्वसंमतीच्या तारखा साधारण त्याच क्रमानं यायला हव्यात. कुणी मधूनच वर आलेलं दिसलं तर आधी साधी कारणं तपासा: पुढच्याची कागदपत्रं मुदतीत चढली नाहीत, शेतकरी ओळख क्रमांक निघालेला नव्हता (१५ एप्रिल २०२५ पासून तो लागतोच), किंवा राखीव प्रवर्ग, महिला, दिव्यांग यांचा कोटा. ही कारणं नस्तीत लिहिलेली असतात. नसतील, तर तक्रार तयार झाली.

पीएम किसानची यादी सगळ्यात सोपी मिळते आणि सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्ते. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,०००. आयकर भरणारे, गट ‘ड’ सोडून सरकारी कर्मचारी, दरमहा १०,००० किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे, नोंदणीकृत डॉक्टर-वकील-सीए अपात्र. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीनं नाव लागलेल्याला नाही, वारसानं लागलेल्याला मिळतं. साताऱ्यात माजी सैनिकांवरून हमखास वाद होतो: दहा हजारांवर निवृत्तिवेतन असलेला माजी सैनिक पीएम किसानला अपात्र, पण २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीत निवृत्तिवेतनाची मर्यादा २५,००० होती आणि माजी सैनिकांना त्यातून सूट होती. एका यादीत नाव असणं आणि दुसरीत नसणं, दोन्ही बरोबर असू शकतं. शेजारी आयकर भरतो की नाही हे तुम्हाला कागदावर कळणार नाही आणि कळायचं कारणही नाही; ती जुळवणी सरकारनं करायची. सरकारनं ती किती उशिरा केली, हेही माहिती अधिकारातूनच बाहेर आलं: जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या उत्तरातून कळलं की २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले होते आणि त्यात निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. त्यानंतरच्या वसुलीच्या नोटिसा गावोगाव आठवत असतील.

पुराच्या आणि अतिवृष्टीच्या यादीत बघायचं ते क्षेत्र. ३३ टक्क्यांवर नुकसान, २०२२ ते २०२६ च्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत. राज्यानं काही वेळा ती ३ हेक्टरपर्यंत वाढवली. जिरायत आणि बागायत यात दुपटीचा फरक आहे, म्हणून चूक किंवा लबाडी तिथंच होते. गावाच्या यादीतलं बागायतीचं क्षेत्र बेरीज करून काढा आणि ई-पीक पाहणीतल्या त्याच हंगामाच्या बेरजेशेजारी ठेवा. बाधित क्षेत्र पेऱ्यापेक्षा जास्त भरलं तर कुठल्याही नावावर बोट न ठेवता पंचनाम्याच्या प्रती मागता येतात. आणि यादीत नाव आहे म्हणजे पैसे मिळाले असं नाही. पाटण, जावळीकडचे कितीतरी खातेदार मुंबईत. मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक निघाला तरी केवायसी झाली नाही तर रक्कम अडकून पडते. तेव्हा ‘मंजूर’ आणि ‘वितरित’ हे दोन रकाने वेगळे मागा.

सोसायटीमार्फत आलेली कर्जमुक्ती आणि नियमित फेड करणाऱ्यांचं ५०,००० पर्यंतचं प्रोत्साहन, इथं वेगळी अडचण येते. विकास सोसायटीला थेट अर्ज केलात तर सचिव २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा थलप्पलम निकाल दाखवेल: सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण नाहीत. तो बरोबर आहे. पण त्याच निकालात आणि कलम २(च) मध्ये रस्ताही आहे. सहकार खात्याच्या निबंधकाला कायद्यानं संस्थेकडून जी माहिती घेता येते, ती निबंधकाकडून तुम्हाला मागता येते. म्हणून अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं करा आणि विचारा फक्त योजनेच्या लाभाबद्दल: नाव, लाभाची रक्कम, कुठल्या दोन वर्षांची फेड धरली. प्रोत्साहनासाठी २०१७-१८ ते २०१९-२० या तीनपैकी कुठल्याही दोन वर्षांत मुदतीत फेड हवी होती. कर्जखात्याचा उतारा मागू नका, तो मिळणार नाही.

आणि एवढं सगळं करून जी यादी तयार होईल, तिच्यात शेतीवरच्या सरकारी खर्चाचा मोठा हिस्सा नसेलच. खताचं अनुदान कंपनीला जातं, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं वीजबिल महावितरणला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकार भरतं, शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत १९ टक्केच येतो. हा पैसा कुणाच्या रानात किती उतरला हे बघायचं तर पाणीपट्टीच्या आकारणीतलं क्षेत्र हाच एक दोरा आहे. ठिबकच्या लाख रुपयांवरून गावात भांडणं होतात, या आकड्याकडं मात्र कुणी बघत नाही.

विसंगती सापडली तर तक्रार लेखी, एका प्रकरणाची एक. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याला मूळ आणि विभागीय कृषी सहसंचालकाला प्रत. महसूल विभाग पुण्याचा असला तरी सातारा-सांगलीचा कृषी विभाग कोल्हापूरला आहे. पुण्याला पाठवलेली प्रत फिरत बसते. महिनाभरात हालचाल नाही झाली तर तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी; विहित नमुन्यात दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी. तक्रारीत ‘भ्रष्टाचार झाला’ असं न लिहिता ‘गट क्र. अमुक, नस्तीप्रमाणे लॅटरल अंतर १.२ मीटर, प्रत्यक्षात १.५ मीटर असल्याचे दिसते, फेरतपासणी व्हावी’ असं लिहा. फेरतपासणी ज्यानं मूळ मोका तपासणी केली त्याच्याकडून नको, दुसऱ्या मंडळातल्या अधिकाऱ्याकडून व्हावी, ही मागणी त्याच कागदात घाला. परवानगीशिवाय कुणाच्या रानात शिरू नका. पंच म्हणून हजर राहू देण्याची विनंती लेखी करा. आणि पंचनाम्यात ‘संच सुस्थितीत आढळला’ एवढ्या वाक्यावर सही करू नका. ३० मीटरमध्ये किती नळ्या आल्या, तो आकडा लिहून घ्या.